पडद्यावरील मोटारसायकल : नवशिक्यास कसे शिकवावे?

मोटारसायकलीचा व्हिडिओ गेम आणि शाळेचे वार्षिक, ही जोडी पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठी पडेल हे आम्ही जाणून आहो. तथापि ज्या खेळात आमच्या विद्यार्थ्यांची सुट्टीतील निम्मी दुपार जाते, त्याविषयी शिक्षकांनी मौन धरावे हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. खेळ वाईट आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे. तो नीट कसा खेळावा व नवख्यास कसा शिकवावा हे सांगणे किंचित कठीण. हे दुसरे काम आम्ही येथे हाती घेत आहो. त्यास एक सबळ कारणही आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात शेतावर जाणे, बाजारास जाणे, दूध घालणे ही सर्व कामे मोटारसायकलीवर होतात. गाडी घरात, किल्ली खुंटीस, आणि पडद्यावर रोज गाडी हाकणाऱ्या मुलाची समजूत अशी की आपणांस खरी गाडीही येतेच. या समजुतीत खरे किती व खोटे किती, याचा निवाडा खेळाची रीत समजल्यावाचून करता येत नाही.

या खेळांची परंपरा आता चार दशकांची झाली. १९८४ साली जपानातील निन्टेन्डो कंपनीने 'एक्साइटबाईक' हा खेळ काढला. त्यात उडी मारून खाली येताना गाडीचे तोंड उताराशी जुळवून घ्यावे लागे, आणि अधिक वेगाची कळ फार वेळ दाबून ठेविली तर इंजिन तापून गाडी बंद पडे. पुढील वर्षी सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी 'हँग-ऑन' केला. त्यात खेळणारा एका नकली मोटारसायकलीवर बसून ती अंगाने खरोखरच कलती करी. १९९१ साली 'रोड रॅश' आला. त्यात शेजारच्या स्वारास लाथा मारून पाडावयाचे असे. आमच्या पिढीतील पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थांनी तो संगणकाच्या शिकवणीच्या वेळात खेळलेला आहे. त्यांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही.

सांप्रत मुलांच्या हाती दोन जातीचे खेळ दिसतात. एक मोबाईलवरचा, उदाहरणार्थ, तुर्कस्तानातील सोनेर कारा यांनी केलेला 'ट्रॅफिक रायडर'. दुसरा 'मोटोजीपी' हा, इटलीतील मिलान शहराच्या माइलस्टोन या संस्थेने केलेला. मोटोजीपी ही जगातील मोटारसायकल शर्यतींची अव्वल मालिका होय. २०२३ च्या सप्टेंबरात तिची एक शर्यत आपल्या देशात, ग्रेटर नोएडाजवळील बुद्ध आंतरराष्ट्रीय धावपट्टीवर झाली व इटलीचा मार्को बेझेक्की ती जिंकला. या खेळातील धावपट्ट्या व गाड्या खऱ्याबरहुकूम रचलेल्या असतात. सबब शिकविण्याच्या कामी आम्ही हाच खेळ पसंत करतो. मोबाईलच्या खेळाविषयी पुढे सांगू.

नवशिक्यास शिकवावयास बसणारा बहुधा त्याचा मोठा भाऊ किंवा वरच्या वर्गातील दादा असतो, आणि त्याचा पहिला दोष ठरलेला. धाकटा एकदा पडला की 'दे इकडे, मी दाखवितो' असे म्हणून तो रिमोट हिसकावून घेतो. नंतर अर्धा तास दादा खेळतो आणि धाकटा पाहतो. पाहून पोहणे येत नाही, तसे हेही येत नाही. शिकविणाऱ्याने रिमोटास हात लावू नये. तोंडाने सांगावे, आणि तेही एका फेरीस एकच गोष्ट. पाच सूचना एकदम दिल्यास नवशिका त्यांतील एकही पाळू शकत नाही, हा वर्गातला अनुभव येथेही तंतोतंत लागू पडतो.

दुसरे असे की, त्यास प्रथम लहान गाडी द्यावी. या खेळात मोटो-३ या वर्गातील २५० सीसीच्या गाड्या असतात आणि मोटोजीपी वर्गातील १००० सीसीच्याही असतात. मुलगा स्वाभाविकपणे मोठीकडे धावतो. ही मोठी गाडी काय चीज आहे हे एका आकड्यावरून कळेल : २०२३ साली इटलीतील मुजेलोच्या धावपट्टीवर ब्रॅड बाईंडर याने केटीएम गाडीवर ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला. म्हणजे एका सेकंदात सुमारे १०२ मीटर. आपण 'एक' म्हणेपर्यंत शंभर मीटरची आख्खी शर्यत संपली! इतक्या वेगात नवशिक्यास चूक कळण्यापूर्वीच ती घडून गेलेली असते. लहान गाडीवर चूक दिसते, आणि जी दिसते तीच सुधारता येते.

प्रतिस्पर्धी नकोत, घड्याळ नको, धावपट्टी एकच. पहिल्या चार-पाच फेऱ्या निम्म्या वेगाने मारून रस्ता पाहावा, एवढेच काम सांगावे. मदतीची जी साधने खेळात दिलेली असतात ती आरंभी असू द्यावीत : पुढचे चाक उचलू न देणारे, मागचे चाक घसरू न देणारे, आणि दोन्ही ब्रेक एकत्र लावणारे. अलीकडच्या आवृत्त्यांत तर ब्रेक, रेस व वळविणे या तिन्ही कामांत संगणकाचे साहाय्य घेता येते. हे मात्र आम्हांस अति वाटते. ज्या मुलाच्या वहीत शिक्षकच उत्तरे लिहितो त्याचे गणित कधी सुधारत नाही.

आता मुख्य विद्या सांगतो. नवशिक्यास वाटते की शर्यत म्हणजे रेस पिळणे. वस्तुतः सरळ रस्त्यावर मूठ पिळणे कोणासही येते. त्यात वाघोबा आणि शेळी सारखेच. फरक पडतो तो वळणापूर्वी वेग कमी करण्यात. म्हणून मुलास प्रथम ब्रेक शिकवावा, रेस मागून. मुजेलोची सरळ वाट ११४१ मीटर लांब आहे, आणि तिच्या शेवटी 'सान दोनातो' नावाचे उजवे, चढाचे वळण आहे. तेथे मोठ्या गाडीचा साडेतीनशेच्या आसपासचा वेग शंभराच्या घरात आणावा लागतो. नवशिका येथे हमखास खडीत जातो, कारण तो वळण दिसल्यावर ब्रेक लावतो. त्यास सांगावे की, वळण पाहून ब्रेक लावू नकोस, खूण पाहून लाव. धावपट्टीच्या कडेस अंतराचे फलक असतात. लहान गाडीवर एक फलक ठरवून घ्यावा, तेथे नेमाने ब्रेक धरावा, आणि वळण साधू लागले की खूण थोडी पुढे सरकवावी. येणेप्रमाणे दहा फेऱ्यांत मुलगा जे शिकतो ते नुसत्या धाडसाने शंभर फेऱ्यांतही शिकत नाही.

ब्रेक गाडी उभी असतानाच जोरात लावावा, आणि गाडी जसजशी कलती होईल तसतसा सैल सोडावा. असे का, हे मुलास समजून सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. चाकाची जमिनीवर जी पकड असते ती मोजकी असते. आमच्या जिल्ह्यातील मुलांस हे टँकरच्या दिवसांवरून चटकन समजते. घरात एकच घागर पाणी आहे. त्यातच स्वयंपाक आणि त्यातच धुणे. सगळे पाणी धुण्यावर ओतले तर चूल पेटून उपयोग नाही. तद्वत चाकाची सर्व पकड ब्रेकास दिली तर वळण्यास काही उरत नाही, आणि गाडी आडवी होते. थोडे थोडे दोहोंस वाटून देणे हेच कौशल्य. पुढचा ब्रेक अधिक काम करतो, कारण वेग कमी होताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर लोटते. एसटीने एकदम ब्रेक दाबला असता उभे असलेले सर्व उतारू कोणत्या बाजूस जातात, हे ज्याने पाहिले आहे त्यास याचा पुरावा नको.

वळणातील वाट हा पुढचा धडा. धावपट्टीवर वळणात बाहेरच्या कडेने शिरावे, मध्ये आतल्या कडेस स्पर्शून जावे आणि पुन्हा बाहेरच्या कडेस निघावे; असे केल्याने त्याच वळणात जास्तीत जास्त मोठ्या वर्तुळाचा कंस मिळतो. मोठ्या वर्तुळास कमी कलावे लागते. पदार्थविज्ञानात याचे गणित आहेच. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर गाडी व स्वार मिळून सुमारे ३० अंश कलावे लागते. तेच ८० चा वेग केला तर ४५ अंश! वेग एकतृतीयांशाने वाढला आणि कल दीडपट झाला. शर्यतीचे रबर तापून मऊ झालेले असते, म्हणून तेथील स्वार ६० अंशांच्याही पलीकडे कलून कोपर जमिनीस टेकवितात. आपल्या वापरातील चाकास धुळीच्या डांबरावर ४५ अंशही पेलण्याचे नाहीत.

खेळात वाटेवर एक रंगीत रेघ काढलेली दिसते. हिरवी तेथे रेस द्यावी, तांबडी तेथे ब्रेक लावावा. आरंभी ती उपयोगी, पण आठ-पंधरा दिवसांनी ती बंदच करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रेघ असेपर्यंत मुलगा रस्ता पाहतच नाही, रेघ पाहतो. ती गेल्यावर त्याचे पहिले दोन दिवस फार वाईट जातात. तो चिडतो. जाऊ द्यावेत. नंतर त्याची नजर आपोआप चाकापुढून उठून वळणाच्या पलीकडे जाऊ लागते, आणि येथूनच तो खऱ्या अर्थाने शिकू लागतो. जिकडे नजर तिकडे गाडी, हा नियम पडद्यावरही आहे व रस्त्यावरही आहे.

रेस देण्याविषयी थोडक्यात सांगतो. गाडी कलती असता मूठ एकदम पिळली की मागचे चाक सरकते. गाडी सरळ होऊ लागेल त्या मानाने रेस वाढवावी, यापलीकडे नवशिक्यास अधिक सांगण्याची गरज नाही.

या खेळात एक सोय अशी आहे की पडल्यावर कळ दाबून काळ मागे नेता येतो, आणि वळणाआधीपासून पुन्हा सुरुवात करता येते. शिक्षकाच्या दृष्टीने हिच्याइतकी उपयुक्त व हिच्याइतकी घातक वस्तू दुसरी नाही. आम्ही सुचवितो की, काळ मागे नेण्यापूर्वी मुलाने आपण का पडलो हे एका वाक्यात सांगावे : 'ब्रेक उशिरा लावला', 'कलल्यावर ब्रेक सोडला नाही', 'रेस लवकर दिली'. कारण सांगता आले तरच कळ दाबावी. न आले तर फेरी तशीच पुढे पुरी करावी. यामुळे खेळ मंदावतो, अशी तक्रार मुले करतात. ती खरी आहे.

आता निवाड्याकडे येतो. वरील विद्या ज्यास साधली त्यास खरी गाडी येते काय?

प्रथम हात पाहा. रिमोटावर रेस उजव्या तर्जनीखाली आणि पुढचा ब्रेक डाव्या तर्जनीखाली असतो. खऱ्या मोटारसायकलीवर रेस व पुढचा ब्रेक ही दोन्ही उजव्याच हातात असतात. डाव्या हातात क्लच असतो, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आणि गिअर डाव्या पायाखाली. म्हणजे संकट समोर आले असता खेळलेल्या मुलाचे डावे बोट जी ओढ घेईल, त्याने ब्रेक लागणार नाही. क्लच दबेल आणि गाडी मोकळी सुटेल. हजार फेऱ्यांनी बोटांस पडलेली सवय येथे निरुपयोगीच नव्हे, तर उलटी आहे.

वळविण्याचेही तसेच. रिमोटाची काडी उजवीकडे ढकलली की पडद्यावरील स्वार उजवीकडे कलतो. खरी गाडी वेगात असताना उजवीकडे वळवावयाची तर हँडलाची उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर डावीकडे वळते, आणि त्यामुळेच गाडी उजवीकडे कलते. सायकल चालविणारे प्रत्येक मूल हे नकळत करीत असते. खेळात हे काम संगणक परस्पर उरकतो, म्हणून खेळणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

वजन नाही, वारा नाही, भीती नाही. हे तर उघडच आहे. मग उरते काय? आमच्या मते नजर उरते. खूण ठरवून वेग आधी कमी करणे, वळणाच्या पलीकडे पाहणे, आणि आपण का चुकलो हे स्वतःस विचारणे, एवढे पडद्यावरून रस्त्यावर येऊ शकते. डोळ्यांची सवय बरोबर येते, बोटांची येत नाही. आणि मुलांस नेमके याच्या उलट वाटत असते.

परंतु नजरही खेळ निवडून कमवावी लागते, आणि म्हणून मोबाईलच्या खेळाविषयी आम्ही बोलू म्हणालो होतो. 'ट्रॅफिक रायडर' या खेळात ताशी शंभराच्या वर वेग असता दुसऱ्या वाहनास अगदी चाटून पुढे गेल्यास अधिक गुण मिळतात. दुहेरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यांच्या बाजूने गाडी चालविल्यासही अधिक गुण, आणि पुढचे चाक उचलून चालविल्यासही अधिक. खेळ म्हणून तो चांगला रचलेला आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण गुण कशास मिळतात यावरून मुलगा काय शिकेल हे ठरते. आमच्या परीक्षांचीही हीच गत नाही काय? मोटोजीपीच्या खेळात ब्रेक न लावणारा हरतो. या खेळात ब्रेक लावणारा मागे पडतो.

हे गुण घेऊन मुलगा बाहेर येतो तो कोणत्या रस्त्यावर, हे पाहिले पाहिजे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी असा आमच्या जिल्ह्यातून जातो. गळीत हंगामात कारखान्यांकडे उसाचे ट्रॅक्टर चालतात. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंस बाहेर आलेला, आणि पुष्कळदा मागे दिवा नाही. अशा ट्रॉलीस चाटून जाणाऱ्यास गुण कोण देणार? आश्विनी पौर्णिमेस तुळजाभवानीच्या दर्शनास हजारो लोक रात्रीचे पायी चालत असतात. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी काळी चिकण माती डांबरावर येते, आणि तिच्यावर चाकाची पकड जवळजवळ उरतच नाही. वर सांगितलेली घागर तेथे रिकामीच समजावी. तुळजापूरच्या घाटात तर धावपट्टीचा तो उत्तम नियमही सोडावा लागतो. बाहेर-आत-बाहेर ही वाट एका दिशेने जाणाऱ्या रस्त्यासाठी आहे. ती दुहेरी घाटरस्त्यावर धरली तर निम्मे वळण समोरच्या ट्रकच्या बाजूस जाते. आपल्या अर्ध्या भागात राहूनच जे वळण साधेल तेवढेच आपले.

कायद्याची बाजूही पालकांनी लक्षात घ्यावी. अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी गिअरची मोटारसायकल सार्वजनिक रस्त्यावर चालविण्याचा परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी जी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरतीच. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने असा अपराध केल्यास पालक किंवा गाडीचा मालक यांस दोषी धरण्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना नाही. शेतावर डबा पोहोचवावयास नववीतल्या मुलाच्या हाती किल्ली देताना हा हिशेब बहुतेक घरांत कोणी करीत नाही.

मग अठरा वर्षांखालील मुलाने पडद्यावर शिकलेली नजर कोठे चालवून पाहावी? सायकलीवर. शाळेच्या मैदानावर फक्कीने एक रेघ मारावी. तिच्या अलीकडे दहा मीटर अंतर मोजून दोन निशाणे ठेवावीत. हे दहा मीटर एकसारख्या चालीने पार करून रेघेवर पोहोचताच दोन्ही ब्रेक बेताने धरावेत, आणि सायकल कोठे थांबली तेथे खूण करावी. एका सोबत्याने घड्याळ धरून दहा मीटरांस किती सेकंद लागले ते लिहावे. प्रथम चार सेकंदांत, नंतर दोन सेकंदांत; म्हणजे वेग दुप्पट. दुसऱ्या खेपेस थांबण्याचे अंतर दुप्पट भरते की चौपट, हे मुलांनी आधी वहीत लिहून ठेवावे आणि मग फीत लावून मोजावे. फीत पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मागितल्यास मिळेल. प्रयोग झाल्यावर ती पुसून परत करावी.